सगळ्यांना आत घेतल्याशिवाय

फोन आला तेव्हा फौजदारबाई दारात बसून बूट चढवत होत्या. पलीकडून स्टेशनमास्तर बोलत होते आणि त्यांच्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हता. काल संध्याकाळी किनारगाडी परत आली ती एक उतारू कमी घेऊन. रात्रभर शोध चालला होता आणि हाती काही लागलं नव्हतं.

"कोण उतारू?"

"अण्णा, मॅडम. आपले अण्णा. गाडीतला आवाज."

फौजदारबाई एका पायात बूट घालून तशाच उभ्या राहिल्या. अण्णांचा आवाज ठाऊक नाही असं माणूस त्या गावात शोधून सापडलं नसतं. समुद्राच्या कडेने, कातळ फोडून काढलेल्या वाटेवरून ही गाडी जाते. तिच्यात बसायला लोक लांबून येतात ते फक्त खिडकीबाहेर बघायला, आणि काय बघायचं ते सांगायचं काम अण्णांचं. नोकरीभर ते माइक घेऊन बोलले. निवृत्त झाले तेव्हा रेल्वेने त्यांचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं. आता गाडी ठरावीक जागी आली की ते आपसूक वाजतं. फौजदारबाई लहानपणी शाळेच्या सहलीला गेल्या होत्या तेव्हाही हेच अण्णा होते. ते समुद्राकडे बघा म्हणाले की अख्खा डबा त्या बाजूला लोटायचा.

आवाज जिथल्या तिथे राहिला आणि माणूस मात्र हळूहळू पुसत गेला. गेली काही वर्षं अण्णांना काही आठवत नसे. घर आठवत नसे, जेवलो की नाही ते आठवत नसे. लेकीने सांभाळलं म्हणून निभावलं, असं गावात सगळेच म्हणत.

ती लेक आता स्टेशनच्या विश्रांतीगृहात बाकाच्या अगदी कडेवर बसली होती. तिला सगळे ताईच म्हणत. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि मांडीवर तपकिरी रंगाचा एक लोकरी मफलर. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

फौजदारबाई शेजारी बसल्या. त्यांना घाईने प्रश्न विचारायची सवय नव्हती. पण बाहेर वारा झोंबत होता आणि म्हाताऱ्या माणसाची एक रात्र उघड्यावर गेली होती.

"शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना?"

"टोकाच्या स्टेशनात. तिथे इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला लावतात ना, वेळ जातो. मी चहा प्यायला उतरले. अण्णा माझ्या मागोमाग उतरले."

"मग?"

"चहा पिऊन वळले तर दिसेनात. मला वाटलं, पुढच्या डब्यात गेले असतील, कामगारांच्या बाकावर. जन्मभर तिथेच बसले ते. इथे येऊन बघते तर तिथेही नाहीत."

"वाटेत जाऊन बघितलं नाहीत?"

"या डब्यातून त्या डब्यात जाता येत नाही, मॅडम."

ते खरं होतं. जुने डबे होते, मधून वाट नव्हती.

"हा मफलर त्यांचा?"

ताईने मान हलवली. बसल्या बसल्या काढून ठेवला होता, म्हणाली, आणि मफलर आणखी जवळ ओढला. त्याबद्दल फौजदारबाईंनी पुढे काही विचारलं नाही.

स्टेशनमास्तरांनी बाकीचं सांगितलं. गाडीतले उतारू लांबून आलेले, ते कालच आपापल्या वाटेने पांगले होते. टोकाच्या स्टेशनातल्या हमालाने एका म्हाताऱ्याला कड्याकडच्या पायवाटेने जाताना पाहिलं होतं. डोक्यावर टोपी, नाकापर्यंत मफलर, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मग काय, सगळी माणसं तिकडेच धावली. कंदील, दोर, होड्या, काही बाकी ठेवलं नाही. तिथे खाली लाटा अशा आपटतात की वर उभ्या माणसाचे कपडे भिजतात. शोधणाऱ्यांच्या मनात काय आलं असेल ते कुणी बोलून दाखवत नव्हतं, इतकंच.

तेवढ्यात अण्णांचा मुलगा आला. घरात त्याला धाकटा म्हणत. लांबच्या शहरात त्याचं बिऱ्हाड होतं आणि निरोप मिळाल्यापासून तो मोटार हाकत होता. आल्या आल्या त्याने बहिणीवर तोंड सोडलं. त्यांना घेऊन एकटीने गाडीत बसायचंच कशाला? हात धरून ठेवता येत नव्हता? ताईने वर बघितलंही नाही. फौजदारबाईंनी त्याला बाहेर फलाटावर नेलं.

काल दिवसभर कुठे होता, हे विचारल्यावर तो चिडला. मग कामावर होतो म्हणाला. फौजदारबाईंनी तिथल्या तिथे त्याच्या कचेरीत फोन लावून खात्री करून घेतली. तो खरं बोलत होता.

"बहिणीचं आणि तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"मागच्या महिन्यात." तो जरा घुटमळला. "हिवाळ्यापुरतं अण्णांना तुझ्याकडे ने, म्हणत होती. आमची जागा लहान आहे, मॅडम. मुलांच्या परीक्षा. पुढच्या वर्षी बघू म्हणालो."

"मग ती काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

कालचा डबा फलाटाच्या टोकाला कुलूप लावून उभा होता. गार्डने कुलूप काढलं. उमदा माणूस, अण्णांच्या हाताखाली शिकलेला. रात्रभर तोही शोधात होता आणि त्याच्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता.

"संध्याकाळी आल्यापासून कुणी आत गेलंय?"

"कुणी नाही. झाडलोट सकाळीच होते, ती आज मीच थांबवली."

"काल काही वावगं दिसलं?"

"वावगं असं काही नाही. या शेवटच्या डब्याचा डोंगराकडचा दरवाजा नुसता लोटलेला होता, वरची कडी नव्हती. मी इथे आल्यावर लावली. तिकडून कुणी उतरत नाही, म्हणून कधी कुणी बघत नाही."

फौजदारबाई आत चढल्या. समुद्राच्या बाजूला मोठ्या काचा, डोंगराच्या बाजूला साध्या खिडक्या. अण्णांची जागा डोंगराच्या बाजूला होती. इतकी समुद्राकडची बाकं रिकामी असताना इकडे का, असं त्यांनी विचारलं. गार्ड म्हणाला, अण्णा समुद्राकडे कधी बसलेच नाहीत. ती बाजू उतारूंची, आपण बघून घेतलंय, असं म्हणायचे. सगळं विसरले, पण काल चढल्याबरोबर डोंगराकडेच वळले.

फौजदारबाई डब्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

या गाडीच्या बाकांची एक गंमत आहे. बाकाची पाठ पक्की नसते. ती ढकलली की बैठकीवरून पलटून दुसऱ्या कडेला जाते. गाडी टोकाला पोचली की डब्यांची देखभाल करणारी मावशी एकेक पाठ खटाखट पलटत जाते, म्हणजे परततानाही लोकांची तोंडं गाडीच्या दिशेलाच राहतात. काल परतल्यावर कुणी कशाला हात लावला नव्हता. त्यामुळे सगळी बाकं घराकडे तोंड करून होती.

अण्णांचं एक बाक तेवढं उलटं होतं.

"मावशींना बोलवा," फौजदारबाई म्हणाल्या.

मावशी आली ती आधीच घाबरलेली. नोकरीला लागून तिला एकच हंगाम झाला होता. रात्री सगळ्यांना विचारलं तेव्हा तिलाही विचारलं होतं, आणि तिने काही पाहिलं नव्हतं.

"रात्री तुम्हाला नेमकं काय विचारलं?"

"खाली उतरलेला म्हातारा परत चढताना दिसला का, असं. नाही दिसला, बाई. देवाशपथ नाही."

"ते मी विचारत नाही. हे एक बाक तुम्ही पलटलं नाहीत. विसरलात?"

"विसरणार कशी? पुढून मागे ओळीने जाते मी." मावशीने बाकाकडे बघितलं आणि थबकली. "बसलेलं असलं कुणी तर ठेवते. उठवायचं कशाला, म्हातारी माणसं असतात."

"मग कोण बसलं होतं?"

"एक आजोबा होते. एकटेच." ती आठवून आठवून बोलत होती. "मी म्हटलं, बसा आजोबा. तर म्हणाले, सावकाश कर गं, बोट चेमटेल. मला वाटलं, हा आवाज कुठेतरी ऐकलाय."

गार्डचा हात दाराच्या कडीवरच राहिला. फौजदारबाई मात्र केव्हाच खाली उतरल्या होत्या. इंजिन जोडा म्हणाल्या, हाच डबा लावा, आणि डॉक्टर बरोबर घ्या. कुठे जायचंय, असं गार्डने विचारलं नाही. टोकाचं स्टेशन ते घर, मध्ये ही गाडी एकाच जागी थांबते.

त्या जागेला गाव नाही, रस्ता नाही. डोंगर समुद्रात घुसलेला आहे आणि रूळ त्याला वळसा घालून जातात. वळणावर समुद्राच्या बाजूला उतारूंसाठी फलाट आहे. तिथे सगळे उतरतात, फोटो काढतात. डोंगराच्या बाजूला रुळांची डागडुजी करणाऱ्यांचा जुना लाकडी ओटा आहे आणि मागे दगडी खोली. पूर्वी कामगार तिथे मुक्कामाला असत. आता ते यंत्राच्या गाडीतून येतात आणि काम करून परत जातात, आठवडा आठवडा तिकडे कुणी फिरकत नाही. पायी जायचं तर बोगद्यातून जावं लागतं. गाडीइतकं लवकर तिथे कुणीच पोचू शकत नव्हतं.

ताईला आणि धाकट्याला फौजदारबाईंनी बरोबर घेतलं. त्या स्वतः ताईसमोर बसल्या. उलटं बाक ताईच्या शेजारी रिकामं होतं. गाडी स्टेशनाबाहेर पडली, कातळात शिरली, आणि उजवीकडे एकदम पाणी उघडलं. कुणी तिकडे बघितलं नाही.

"त्यांनी टोकाच्या स्टेशनात पाय खाली ठेवला नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "मावशी बाकं पलटत होती तेव्हा ते या बाकावर बसलेले होते आणि तुम्ही चहाच्या टपरीवर होतात. हे तुमचंच सांगणं आहे. कड्याकडे गेला तो म्हातारा दुसराच कुणीतरी. त्याच्या नाकापर्यंत मफलर होता आणि अण्णांचा मफलर तुमच्या हातात आहे. आवाजावर ज्याचं पोट, तो माणूस घसा उघडा टाकून तिथल्या वाऱ्यात उतरणार नाही."

ताई मफलरची घडी घालायला लागली.

"म्हणजे ते परतीच्या गाडीत होते. पण आपल्या स्टेशनात उतरले नाहीत. वळणावर गाडी थांबली, डबा रिकामा झाला, सगळी माणसं समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हा हा डोंगराकडचा दरवाजा उघडला. तो आतून उघडतो. आत तुम्ही दोघंच होतात."

"काय बोलताय तुम्ही?" धाकटा ताडकन उठला. "ताईने? तिने त्यांच्यासाठी लग्न केलं नाही, मॅडम."

"खाली बस," ताई म्हणाली. सकाळपासून ती त्याच्याशी बोललेली ही पहिलीच गोष्ट होती. तो बसला.

मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. मफलरची घडी घालत होती आणि मोडत होती.

"मला ते बाई म्हणतात. दोन हिवाळे झाले. मी आंघोळ घालते, भरवते, रात्री उठून बघते, आणि सकाळी मला विचारतात, बाई, माझी मुलगी कधी येणार? मी म्हणते, मीच ती. तर हसतात. चांगल्या आहात हो तुम्ही, म्हणतात."

"काल का नेलंत त्यांना गाडीत?"

"वाटलं, गाडीत बसले तर काहीतरी उजेड पडेल. पडला ना. आवाज सुरू झाला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द न् शब्द पाठ. हा खडक, तो बोगदा, या दगडावर कोणते पक्षी बसतात, सगळं. मी विचारलं, अण्णा, आणि मी कोण? तर माझ्याकडे बघत राहिले. या समुद्रातला दगड न् दगड आठवतो त्यांना. मीच तेवढी नाही."

गाडी बोगद्यात शिरली. डब्यातला दिवा लागला, परत विझला. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"काय सांगितलंत त्यांना वळणावर?"

"म्हटलं, अण्णा, ड्यूटी संपली. घर आलं." ती फौजदारबाईंकडे बघत नव्हती. "लगेच उठले. टोपी घातली. दरवाजा त्यांनीच उघडला, सवय होती ना कामगारांकडे उतरायची. ओट्यावर उतरले आणि वळून म्हणाले, बाई, तुम्ही सांभाळून जा. घरी तुमची वाट बघत असतील."

"आणि गाडी सुटली."

"साखळी डोक्यावरच होती. हात वर करायचा फक्त. मला वाटत होतं, आता करते, आता करते. मग बोगदा आला. मफलर इथेच राहिला होता." ताईने घडी मांडीवर सारखी केली. "मी काही ठरवून नेलं नव्हतं, मॅडम. पण आपल्या स्टेशनात उतरले, सगळे विचारायला लागले आणि तोंडातून टोकाचं स्टेशन निघून गेलं. मग माणसं तिकडे धावली. कंदील घेऊन चिखलातून फिरत होती ती. दर तासाला वाटायचं, आता सांगावं, आणि दर तासाला ते आणखी अवघड व्हायचं."

फौजदारबाईंना राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. बापाला उतरवून दिलं तो एक क्षण होता. माणसाचा तोल जातो, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. पण त्यानंतरची अख्खी रात्र ती हातात मफलर घेऊन बसून राहिली आणि तोंड उघडलं नाही. हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं, आणि तरी समोरच्या बाईकडे बघवतही नव्हतं.

वळण जवळ आलं तसा गाडीचा वेग मंदावला. ध्वनिमुद्रण बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. छतातून खरखर झाली आणि अण्णा बोलायला लागले. स्वच्छ, खणखणीत, माणसाला आपलंसं करणारा आवाज. आता आपण या प्रवासातल्या सगळ्यात सुंदर जागी आलो आहोत, म्हणाले. सावकाश उतरा, समुद्राकडे बघा.

या वेळी सगळे डोंगराकडे उतरले.

ओटा रिकामा होता. गार्डने अण्णा, अण्णा म्हणून हाका मारल्या, त्या डोंगरावर आपटून परत आल्या. मग फौजदारबाईंना दगडी खोलीचं दार दिसलं आणि दाराबाहेर बूट दिसले. काळे, जुने, टाचेला टाच लावून, भिंतीच्या कडेला नीट ठेवलेले. नाड्या आत सरकवलेल्या होत्या.

घर आलं असं सांगितलं होतं त्यांना.

अण्णा आत भिंतीला टेकून बसले होते. टोपी काढून शेजारी ठेवली होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. डॉक्टर वाकले, मनगट धरून बसले, आणि मग त्यांनी ते हलकेच मांडीवर ठेवून दिलं. पहाटेच गेले असावेत, म्हणाले. थंडीने. फार यातना झाल्या नसतील, असंही म्हणाले, पण डॉक्टर तसं म्हणतातच. काल रात्री कुणी इथे आलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

ताई उंबऱ्यापाशी बुटांजवळ उभी राहिली. पुढे गेली नाही. धाकटा गेला, बापापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्यांचे गार पडलेले पाय हातात घेऊन चोळत राहिला. गार्डने त्याला उठवायचा प्रयत्न केला तेव्हा तो म्हणाला, थांबा, जरा थांबा, गार आहेत. मग त्याने मान वळवून बहिणीकडे बघितलं. काहीतरी लागट बोलणार असं वाटलं.

"मी नेलं असतं तर," तो म्हणाला आणि पुढचं त्याला बोलवलं नाही.

अण्णांना डब्यात आणलं, त्यांच्याच बाकावर निजवलं. मावशीने न पलटलेली पाठ गार्डने काढून घेतली, म्हणजे जागा पुरली. ताईने मफलर त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. दोनदा गुंडाळून टोक आत खोचलं, रोज खोचत असेल तसं. फौजदारबाईंनी तिला ते सगळं करू दिलं. बेड्या त्यांच्या पिशवीत होत्या आणि त्यांनी पिशवी उघडली नाही. तिने पळून जायला जागाच कुठे होती?

गार्ड हिरवं निशाण घेऊन दारात उभा राहिला. इतकी वर्षं तो इथे फक्त समुद्राकडच्या फलाटावर नजर टाकायचा आणि निशाण दाखवायचा. आज त्याला हात वर करवेना.

छतात पुन्हा खरखर झाली.

"कुणी मागे राहिलं नाही ना?" अण्णांनी विचारलं. "घाई करायचं कारण नाही. सगळ्यांना आत घेतल्याशिवाय आपली गाडी सुटत नाही."

गार्डने डोंगराकडे मान वळवली आणि बराच वेळ तो तिकडेच बघत राहिला. ओट्यापलीकडे, बंद दाराशी, बूट तसेच होते.

ताईलाही ते दिसले. तिने फौजदारबाईंकडे बघितलं. फौजदारबाईंनी पाय आखडून तिला वाट दिली. ताई खाली उतरली, ओटा ओलांडून गेली आणि बूट उचलून घेऊन आली. वर चढताना तिला हात द्यायला धाकटा पुढे झाला. मग गार्डने दरवाजा लावला, वरची कडीही लावली, आणि निशाण दाखवलं.